बोरीचा बस्ता

"घरून वैनीला बोलवून घे," गल्ल्यावरून माधवराव म्हणाले. "जरा बरी साडी नेसून ये म्हणावं. गिऱ्हाईक म्हणून बसायचंय."

परमेश्वर साड्यांच्या घड्या सारख्या करत होता, तो थांबला. मानवतच्या या दुकानात तो लग्नाआधीपासून साड्या दाखवत आला होता. पण बायकोला खोटं गिऱ्हाईक करून बसवायची पाळी येईल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"मालक, तिला कसं जमंल?"

"बसायला काय जमायचंय? काल चारठाण्याचे लोक पायरीपर्यंत आले, आत कुणी दिसंना, तसेच माघारी गेले. दुपारी बोरीहून आबासाहेबाचा बस्ता यायलाय. त्योबी गेला तर तुला ठेवणं मला परवडायचं न्हाई. आधीच सांगायलोय."

लग्नघरची सगळी कापडं एका दुकानात बसून घ्यायची, त्याला बस्ता म्हणतात. लग्नसराईत या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. यंदा कुणीतरी म्हणालं, कापसाची जिनिंग बंद पडणार. कोणती, कधी, ते कुणालाच ठाऊक नाही. पण कापसाचे पैसे हातात आलेले लोकही हात आखडून बसले. परमेश्वर तरी कुठे शहाणा? तीच बातमी ऐकून त्याने बायकोसाठी सांगून ठेवलेला मिक्सर नको म्हणून कळवलं. आणि त्या मिक्सरवाल्याने याच दुकानात ठरलेला आपल्या पोरीचा बस्ता लांबणीवर टाकला. कोण कोणाला बुडवत होतं, देव जाणे!

अनसूया भावाच्या लग्नातली साडी नेसून आली आणि गादीच्या अगदी कडेला टेकली. परमेश्वरने तिच्यापुढे साड्यांचा ढीग घातला.

"अहो, मला लय भ्या वाटायलंय."

"बोलू नको. नुसती बघत ऱ्हा."

ती बघू लागली. एका हिरव्या इरकलीवर तिचा हात गेला तो तिथेच राहिला. कोणत्या बाईला कोणता रंग खुलतो हे परमेश्वरला एका नजरेत कळायचं, आणि हा हिरवा तिचाच होता. इतक्या वर्षांत आपण हिच्यापुढे एकही साडी अशी उलगडली नाही, हे आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात आबासाहेब आणि त्यांच्या पत्नी कस्तुराबाई चार पाहुण्यांना घेऊन पायरी चढले. "चला, हितं तरी गिऱ्हाईक हाय," आबासाहेब म्हणाले आणि ऐसपैस मांडी घालून बसले. माधवरावांनी चहा सांगितला. परमेश्वरच्या अंगात एकदम वारं भरलं. "या मावशी, हितं उजेडात बसा," म्हणत त्याने साड्यांच्या घड्या मोडायला सुरुवात केली.

कस्तुराबाईंची नजर अनसूयेच्या मांडीवर गेली. "ही इरकल तुमी घ्यायलाव का बाई? कशी हाय?"

"लय चांगली हाय," अनसूया म्हणाली. ते मात्र तिने अगदी मनापासून सांगितलं.

"मग आमालाबी असल्याच दाखवा की. जावांना, नणंदांना आहेर करायचाय."

ढीग वाढू लागला. आबासाहेब नको म्हणत नव्हते. नोकरी वाचली, असं परमेश्वरच्या मनात आलंसुद्धा. तेवढ्यात कस्तुराबाईंनी अनसूयेला कोपराने ढोसलं. "दोघी मिळून घासाघीस करू. तुमी आधीच्या गिऱ्हाईक, तुमचं ऐकतेल. म्हणा, भाऊ, रास्त लावा."

अनसूयेने तोंड उघडलं. नवऱ्याला भाऊ म्हणायचं! शब्द घशातच अडकला. आता परमेश्वरने, 'बोला ताई, तुमच्या मनासारखं करू,' एवढं म्हणायला हवं होतं. रोज पन्नास बायकांना तो ताई म्हणायचा. पण आज त्याचीही जीभ उचलेना. अनसूयेने खाली मान घालून डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

कस्तुराबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"तुज्या घरचे हायत का गं हे?"

अनसूया रडूच लागली.

आबासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "बायकापोरी आणून बसवायची येळ आली का माधवराव? म्हंजे जिनिंगचं लोक बोलायलेत ते खरंच हाय."

"तसं न्हाई, आबासाहेब. आन् तुमाला हो काय कमी हाय?"

"पैसा हाय. बँकेत पडून हाय. पण आता काढायला हात धजत न्हाई." ते उठून उभे राहिले. "नवरीचा शालू तेवढा बांधा. आहेराचं पुढं बघू."

एवढ्या मोठ्या ढिगातून एकच शालू बाजूला निघाला. कस्तुराबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि जाता जाता बोटाला राहिलेलं कुंकू अनसूयेच्या कपाळाला टेकवलं. "तुजा काय दोष, बाई," त्या म्हणाल्या.

दुकान पुन्हा रिकामं झालं. माधवराव गल्ल्यावर मान खाली घालून बसले होते. वाईट तो माणूसही नव्हता. "परमेश्वर, उद्यापास्नं..." ते म्हणू लागले.

"येत न्हाई, मालक," परमेश्वरच म्हणाला. "एवढं आवरतो."

मोडलेल्या घड्या तशाच टाकून जाणं त्याच्याच्याने होईना. तो एकेक साडी घेऊन बसला. अनसूयाही उठली आणि तिने इरकलीचं दुसरं टोक धरलं.

"माज्या तोंडातून निघंचना हो."

"माज्या तरी कुठं निघालं?"

त्याला पुढे बरंच सांगायचं होतं, उद्या काय करायचं तेही विचारायचं होतं. पण आधी दोघांनी साडी ताणली, काठाला काठ जुळवला, आणि टोकं मिळवायला ती चालत त्याच्यापाशी आली. तिच्या हातातलं टोक त्याने घेतलं. ती क्षणभर सोडेना, मग तिने सोडलं.

परमेश्वरने घडीवरून तळवा फिरवला आणि इरकल पुढच्या फळीवर ठेवली, पदर बाहेरच्या बाजूला, येणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी दिसेल असा.