चांदीतला अप्पा

माझ्या अप्पाचा चेहरा मला आठवत नाही. आठ दिवसांच्या तापानं तो गेला तेव्हा मी सहा वर्षांची होते. रेशनकार्डावरचा त्याचा एकुलता एक फोटो पावसात घर गळून भिजला, त्याचा लगदा झाला. उरला तो देवघरातला टाक. आमच्या धनगरांत माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती उठवून खंडोबाशेजारी बसवतात. सोनार सगळ्यांना एकाच साच्यातून काढतो, पण मायनं हट्ट धरून अप्पाच्या खांद्यावर घोंगडं आणि नाकाला बाक घालून घेतला होता. मी ओळखते तो अप्पा एवढाच, दोन बोटं उंचीचा.

यंदा सुनीलअण्णाचं, माझ्या थोरल्या भावाचं, लग्न ठरलं. लग्नाआधी घरचे देव उजळून आणायचे असतात. अण्णा सगळे देव घेऊन हुमनाबादला वीरण्णा सोनाराकडे गेला आणि अप्पाचा टाक तसाच परत घेऊन आला. वीरण्णा म्हणाला होता, हा झिजून पापुद्रा झालाय, उजळायला घेतला तर फाटेल. मोडीत घाला, दुसऱ्या चांदीचा नवा करून देतो.

मी बिदरला, मैलूर भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मायचा तिथं फोन आला. "श्रीदेवी, तू शिकलेली हाईस. अण्णाला सांग, बापाला मोडीत घालत न्हाईत."

रविवारी सकाळी गावी, निर्ण्याला पोचले, तर माय टाकच घासत बसलेली. चिंच आणि राख, एकवीस वर्षं, दर रविवारी. माझं डोकं फिरलं.

"माय, घासू नको की! तुझ्याच हातानं झिजलाय त्यो. दर घासणीला थोडी चांदी राखंत जायलीय."

"मग काळा ठिवू व्हय त्याला?"

मला राग आला की मी वर्गात उभी असल्यासारखी बोलत सुटते. तशी सुटले. चांदी म्हणजे बारीक बारीक कण, त्यांना अणू म्हणतात. दोनशे वर्षांमागं डाल्टन नावाच्या एका मास्तरानं सांगून ठेवलंय, एका धातूचे सगळे अणू अगदी सारखे. तेव्हा ही चांदी काय आणि वीरण्णाच्या दुकानातली काय, फरक शून्य. दे अण्णाकडं.

मायनं टाक पदरात घेतला. मग हळूच म्हणाली, "समदे सारखेच असत्यात, तर मी दुसऱ्याशी पाट कामून लावला न्हाई? दोघं विचारून गेलते."

आमच्यात विधवेच्या पाटाला, दुसऱ्या लग्नाला, कुणी नावं ठेवत नाही; तिला अडवणारं कुणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर डाल्टन तिथं चुकलाच होता. पुढं शंभर वर्षांनी कळलं की एकाच मूलद्रव्याचे अणूसुद्धा वजनाला कमीजास्त असतात. चांदीतच दोन जाती निघाल्या. हे मी दरवर्षी पोरांना शिकवते, आणि ऐन वेळी मायसमोर विसरले.

शरम वाटली म्हणून शेजारी उभ्या अण्णाला म्हटलं, "अण्णा, थांब. चांदीचा एक कण न घालवता मी उजळून देते."

चांदी काळी पडते ती गंधकाला धरून. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं घेतलं. त्यात कढत पाणी, मीठ आणि खायचा सोडा घालून टाक तळाला टेकवून ठेवला. ॲल्युमिनियम चांदीकडचं गंधक काढून घेतं आणि चांदी मोकळी होते. नासक्या अंड्यासारखा वास सुटला. अण्णानं नाक दाबलं. मी मात्र खूश होते.

थोड्या वेळानं चिमट्यानं टाक बाहेर काढला. लखलखीत होता, आणि कोरा.

नाक नव्हतं, घोंगडं नव्हतं. उठाव मायच्या बोटांनी केव्हाच गेला होता. खाचांत बसलेल्या काळ्यामुळंच अप्पा आजवर दिसत होता, आणि ते काळं मी काढून टाकलं होतं. मायनं पत्रा उन्हात धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "दिसंना की गं," एवढंच म्हणाली.

मला रडू फुटलं. सहाव्या वर्षी रडायला कळलं नव्हतं, ते सगळं त्या दिवशी रडले. मला तो हवा होता. दोन बोटांचा का होईना, हवा होता.

"आता मोडीतच घालावं लागंल," अण्णा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला.

तो मघाचा वास अजून अंगणात होता. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. काळं जसं काढलं तसं परत आणताही येतं.

"अण्णा, घरात अंडी हाईत का?"

"देवाच्या टाकाला अंडं?" माय किंचाळली.

"अप्पा खात नव्हता?"

"बसला की चार खायचा."

अंडी कडक उकडली, पिवळा बलक कुस्करून डब्यात घातला, वर वाटीत टाक ठेवला आणि झाकण लावलं. बलकातलं गंधक आता चांदीला धरणार होतं. जेवणं उरकून उघडलं तर टाक काळाकुट्ट. मऊ फडक्यानं वरच्यावर एकदाच पुसला. खाचांतलं काळं राहिलं. आधी घोंगड्याची किनार दिसली, मग नाकाचा बाक.

अण्णानं वीरण्णाला फोन लावला आणि नवा टाक नको म्हणून सांगितलं. मायनं चिंचेची वाटी उचलून अंगणात पालथी केली. मग टाक तळहातावर घेऊन किती तरी वेळ बघत राहिली.

"आस्साच हुता," ती म्हणाली. "काळाच हुता की गं तुझा अप्पा. अन् मी येडी एकवीस वर्सं त्याला गोरा करायलेय."

अप्पा काळा होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.