न चाखलेली पेज

तिसरा चमचाही आमाच्या ओठांवरून हनुवटीवर ओघळला. मी तो पुसून घेतला. इथल्या बोलीत आजीला आमा म्हणतात. पक्षाघातानं तिचं उजवं अंग आणि वाचा गेली होती; दवाखान्यातून घरी आणून पाच दिवस झाले होते आणि म्हातारीनं पेजेचा एक घोट धड घेतला नव्हता. तिला गिळता येतं, हे डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. ती गिळत नव्हती, एवढंच. तिचा मुलगा बुन-सिओंग, ज्याला मी मालक म्हणते, दारात उभा राहून बघत होता. उद्या सकाळी दहाला सिस्टर येणार होती. तोवर निदान अर्धी वाटी पोटात गेली नाही, तर नाकातून नळी घालायची असं ठरलं होतं.

"लास्त्री, तूच काहीतरी कर आता," मालक म्हणाला. मी काय करणार, कपाळ.

नळीबद्दल आमा आजारापूर्वी माझ्याशी एकदाच बोलली होती. शेजारच्या म्हाताऱ्याला बघून आलो होतो, त्याच्या नाकात नळी होती. घराच्या दाराशी आल्यावर ती चाकाच्या खुर्चीतून म्हणाली, "मला ते नको हं. तोंडानं जाईल तेवढं जाईल." मी हो म्हटलं. सांभाळायला ठेवलेल्या बाईच्या 'हो'ला कोण विचारतं म्हणा, पण म्हटलं खरं.

मी जावातल्या केंडलची, मुसलमान. डुक्कर आम्हाला वर्ज्य. आणि इथं समुद्रापलीकडे, युआनलिनला या घरात कामाला पाऊल ठेवलं, तर पहिल्याच दिवशी हातात डुकराच्या बरगड्यांची पिशवी. आमाची पेज मुळा आणि बरगड्यांच्या रश्श्यातच शिजायला हवी, दुसरी तिला चालत नाही. पहिला आठवडा मी नाकाला ओढणी लावून रांधलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले. आमानं ते बघितलं असणार. एक दिवस तिनं माझ्यासाठी वेगळं पातेलं आणवलं आणि चुकून अदलाबदल नको म्हणून त्याच्या कानाला लाल दोरा बांधला. तो दोरा तिनं अकरा वर्षांत किती वेळा बदलला, मोजलं नाही.

तिची पेज मी कधी चाखली नाही. चाखायची ती. मी चुलीपाशी, ती खुर्चीत, मध्ये चमचा. एक बोट वर झालं की मीठ घाल. सगळा पंजा उघडला की पुरे. सुरुवातीला मला इथली भाषा येत नव्हती म्हणून हे सुरू झालं, मग भाषा आली तरी तसंच राहिलं. रोज दोनदा बोट, मग पंजा. एकदा ती तापानं झोपली होती तेव्हा मी मीठ बघायला चमचा ओठांपर्यंत नेला होता. कशी जागी झाली कोण जाणे, माझ्या हातावर फटका मारला. म्हणाली, "माझ्या चिमूटभर मिठापायी तुझा देव कशाला बाटवतेस?"

भाषेवरून आठवलं. आल्या आल्या बाजारात डुकराचं मटण विकणाऱ्या सिओकबीला मी सांगून बसले होते, की आमची आमा फार खारट आहे. मला म्हणायचं होतं तिला खारट आवडतं. इथं चिकट माणसाला खारट म्हणतात, मला काय ठाऊक. अख्खा बाजार हसला. तेव्हापासून बाजारात आमाचं नाव खारट म्हातारी पडलं, आणि तिनं ते मिरवलंही. भाव करताना म्हणायची, मी खारट आहे, कमी कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच बरगड्या आणायला गेले. सिओकबीनं विचारलं, खाते का गं? मी सांगितलं, थुंकते. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, मी इमानानं पाच दिवस खडासुद्धा घातला नाही. सिओकबीनं सुरी खाली ठेवली.

"बिनमिठाची? तिला? मग थुंकेल नाही तर काय करेल, बाई."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. अकरा वर्षं मी सांगितलेलं करत आले, तेवढंच येतं मला.

घरी येऊन हाडं उकळली, मुळा घातला, तांदूळ अगदी विरघळेपर्यंत शिजवला. मीठ हाताच्या सवयीनं घातलं. मालक बघत होता. डॉक्टरांचं त्यालाही माहीत होतं, पण त्यानं मला अडवलं नाही.

साडेनऊला आमाला उशीला टेकवून बसवलं. पहिला चमचा तोंडात गेला आणि तिथंच राहिला. मग गळा हलला. चांगला होता तो डावा हात पांघरुणावर जरा सरकला आणि एक बोट वर झालं.

मी धावत जाऊन मीठ आणलं. परत बोट. परत मीठ. मग मात्र ती जेवली. सावकाश, एकेक चमचा, प्रत्येकाला वेळ घेऊन, सात चमचे. मला वाटलं, जिंकलो. आठवा पुढे केला तर पंजा उघडला.

"अजून थोडं, आमा," मी म्हटलं. "दोनच." पंजा तसाच.

सिस्टर वेळेवर आली. वाटीत निम्म्याहून बरीच जास्त पेज उरली होती. तिनं ती बघितली, मालकाकडे बघितलं, आणि पिशवी उघडून नळी काढली. आमानं मान वळवली नाही. डावा हात उचलून नळीसमोर पंजा धरला. तो खाली आला नाही.

"काय म्हणतेय ती?" मालकानं मला विचारलं.

"पुरे म्हणतेय."

"मीठ पुरे ना?"

बोटा-पंजाची ही भाषा घरात मला एकटीलाच नीट येत होती. हो म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं?

"मीठ मघाशीच पुरे झालं, मालक," मी म्हटलं. "ती नळीला म्हणतेय."

तो पलंगाच्या कडेवर बसला. आईचा तो हात आपल्या हातात घेऊन त्यानं खाली ठेवला. सिस्टरला म्हणाला, राहू द्या. तिनं त्याला पुढचं काय ते नीट समजावलं, कागदावर त्याची सही घेतली आणि ती गेली.

मी वाटी उचलायला गेले, तर त्यानं ती माझ्या हातातून घेतली. गार झालेली, आईची उष्टी पेज तिच्याच चमच्यानं तो खाऊ लागला. तळ दिसेपर्यंत थांबला नाही. तोंड फिरवून डोळे पुसले.

"खारट आहे गं फार," तो म्हणाला.

"असेल," मी म्हटलं. "मी कुठं चाखलीय."