कोरं सूत

अनीश त्या कारखान्यात जेमतेम रुळला होता, तेव्हा ती चूक झाली. टेक्स्टाइल डिझाइनच्या पदवीचं तिसरं वर्ष संपलं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाला कुठेतरी प्रत्यक्ष काम करावं लागायचं. वर्गातल्या बहुतेकांनी मुंबईतले स्टुडिओ गाठले. अनीश अंबरनाथचा, वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत. त्याला उल्हासनगरचा घनश्यामशेठांचा चादरी छापण्याचा कारखाना घराजवळ म्हणून बरा वाटला. शेठ साठीचे, सिंधी, कमी बोलणारे. त्याची केळीच्या पानांची नक्षी त्यांना आवडली. ती त्यांनी एका ऑर्डरसाठी घेतलीच, वर नमुना तपासून ओके म्हणायचं कामही त्याच्यावरच सोपवलं.

नमुन्याचा तुकडा छापून आला. अनीशने तो खिडकीपाशी नेला, मूळ चित्राशेजारी धरला, रेषा पाहिल्या, कडा पाहिल्या आणि ओके सांगितलं. अख्खा माल छापून झाला.

वाळत घातलेल्या कापडापाशी शेठनी त्याला बोलावलं, तेव्हा तिथे दोन-चार माणसं आधीच उभी होती. शेठनी विचारलं, यात काय चुकलंय सांग. अनीशने बराच वेळ पाहिलं. मग तो म्हणाला की कडेची रेघ किंचित जाड आली आहे. कुणी हसलं नाही. शेठनी बाकीच्यांना कामाला पाठवलं आणि मग हळू आवाजात म्हणाले, "बेटा, पत्ते भूरे छपे हैं. एक बार आँख दिखा के आ." केळीची हिरवी पानं तपकिरी छापली गेली होती.

माल सेकंड म्हणून, कमी भावात, बाजारात गेला. शेठ त्याला रागावले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्याला पॅकिंगच्या टेबलावर बसवलं, आणि इंटर्नशिप संपेपर्यंत तो तिथेच राहिला.

अंबरनाथच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच्यापुढे ठिपक्यांची चित्रं धरली. ठिपक्यांत आकडे लपलेले होते. पहिला आकडा त्याला दिसला, पुढचे बहुतेक दिसलेच नाहीत. लाल-हिरव्यातला फरक तुला नीट कळत नाही, जन्मापासूनच असणार, डॉक्टर म्हणाले. याला औषध नाही, आणि हे वाढतही नाही. मुलाला हे आईकडून येतं, असं सांगून त्यांनी विचारलं, आईच्या माहेरी कुणाला आहे का? अनीशने माहीत नाही म्हणून सांगितलं.

घरी त्याची आई, बकुळा, गवार मोडत बसली होती. अनीशने तिला डॉक्टरांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तिचे हात चालूच राहिले.

"राजूला आहे," ती म्हणाली.

राजू म्हणजे राजेंद्रमामा, तिचा धाकटा भाऊ. सोनिवलीला नव्या सोसायट्यांमधल्या मुलांचे गणिताचे क्लास घ्यायचा. तरुणपणी त्याने रेल्वेत ड्रायव्हरच्या जागेची परीक्षा पास केली होती आणि नंतर नोकरी आवडली नाही म्हणून गेला नाही, असं घरात सगळे सांगत. खरं तर तो मेडिकलमध्ये, डोळ्यांच्या तपासणीत, नापास झाला होता. बकुळाने ते आता, गवारीचे तुकडे करता करता, सांगून टाकलं.

"आणि माझं? माझं तुला कधी कळलं?"

यावर तिचे हात थांबले, आणि तिने सांगितलं. तो दुसरीत असताना त्याने पोपट तपकिरी रंगवला होता. शेजारची मुलं चिडवायला लागली, तेव्हा तिने त्याच्या रंगीत खडूंवर कागद चिकटवून त्यांची नावं लिहून दिली. त्याला सांगितलं, शुद्धलेखन सुधारेल. नावं वाचून तो रंग उचलायला लागला आणि पुढे चित्रकलेच्या परीक्षेत शाळेत पहिला आला.

"तुझा हात इतका चांगला होता," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं तर तू सोडलं असतंस."

"मग या कोर्सला बसलो तेव्हा तरी सांगायचंस."

तिने मोडलेली गवार ताटलीत गोळा केली. अनीश ओरडला नाही. तो उठून आत गेला, आणि पुढचे कितीतरी दिवस तिच्याशी जेवणापुरतं बोलत राहिला. वडिलांना हे प्रकरण सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की अजून उशीर झालेला नाही, बी.कॉम. करता येईल.

मध्ये एका रविवारी तो सोनिवलीला गेला. मामाला वाईट वाटेल अशी त्याची समजूत होती, पण मामाने ते फार सहज घेतलं. टोमॅटो पिकलेत का हे आपण दाबून बघतो, म्हणाला. ड्रायव्हर व्हायचं राहिलं याचं काही वर्षं फार लागलं, मग लागेनासं झालं. सल्ला त्याने काही दिला नाही. चहा पाजून रिक्षात बसवून दिलं.

कॉलेज सुरू झालं तसा अनीश उन्नती मॅडमना भेटला. त्या विभागप्रमुख होत्या. त्याने कारखान्यातली चूक सांगितली, ठिपक्यांच्या चित्रांचं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाच विचारलं, "मग इतकी वर्षं रंगांचं कसं निभावलंस?" वर्गात स्वप्नाली शेजारी बसायची, तिला विचारून करायचो, असं तो म्हणाला. मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. शेवटच्या वर्षी छपाईऐवजी विणकाम घे, असं त्यांनी सुचवलं, पण सोपं जाईल असं मात्र समजू नकोस, हेही बजावलं.

सोपं गेलं नाही. मागावर त्याच्या हाताला गती नव्हती. सुरुवातीला उभे धागे तुटायचे, ते बांधण्यातच दिवस जायचा. पण हळूहळू त्याला एक गोष्ट कळली. कापडावर बोट फिरवल्यावर कुठे उंच, कुठे खोल लागतं, हे तो विणतानाच ठरवू शकत होता, आणि त्यासाठी कुणाला विचारावं लागत नव्हतं. त्याने प्रकल्पासाठी रंग न दिलेलं कोरं सूत घेतलं आणि मधमाशीच्या पोळ्यासारखे खळगे असलेलं कापड विणलं. पांढऱ्यावर पांढरं.

परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि रंग का नाही म्हणून विचारलं. मला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, अनीशने सांगितलं. बाईंनी मान डोलावली. कापड चांगलं आहे, पण चार वर्षांच्या शेवटी थोडं धाडस हवं होतं, असं त्यांचं मत पडलं. त्याला बी ग्रेड मिळाली. स्वप्नालीला ए.

पदवीच्या प्रदर्शनाला बकुळा एकटीच आली, वडिलांना ड्यूटी होती. मोरपंखी, शेंदरी, जांभळ्या कापडांपुढे गर्दी होती. ती सगळं ओलांडून थेट त्याच्या कापडापाशी गेली आणि तिने त्यावर तळहात ठेवला. देखरेखीला असलेली ज्युनिअर मुलगी हात लावू नका म्हणाली. राहू दे, अनीशने तिला सांगितलं.

बकुळा बराच वेळ खळग्यांवरून हात फिरवत राहिली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "माझ्यामुळे मार्क कमी पडले ना?"

समोरून लोक येत-जात होते.

"तीन वर्षं मी स्वप्नालीला विचारून रंग लावत होतो, आई," तो म्हणाला. "ज्याला दिसतं तो कशाला विचारेल? मलाही माहीत होतंच की."

तिने हात काढून घेतला आणि पदर सारखा केला. जेवलास का, तिने विचारलं. तो नाही म्हणाला. दोघं खाली कॅन्टीनमध्ये गेली. इडली संपली होती, म्हणून त्यांनी मिसळ मागवली.

पुढे जूनमध्ये अनीशला अंबरनाथच्या एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या एका कंपनीत नमुने तयार करण्याच्या खात्यात नोकरी लागली. मुलाखतीतच त्याने डोळ्यांचं सांगून ठेवलं. साहेब म्हणाले, रंगाचं काम दुसऱ्या टेबलाकडे आहे, तुमचं विणीचं. सोमवारपासून या.