विमानाला अफू

जयगडच्या धाकू मेस्त्रीने पंचवीस वर्षं आगबोटींवर सुतारकाम केलं आणि चौतीस साली तो कायमचा घरी आला. घरी आल्यावर दोन महिन्यांत त्याने सगळी दारं रंधली, पाटांना नवे पाय बसवले, विहिरीचा रहाट उतरवून पुन्हा चढवला. शेवटी मोडलेलं काही उरेना. तेव्हा त्याची बायको सगुणा हिने आपला धडधाकट पोळपाट भाताच्या कणगीत लपवून ठेवला.

धाकूच्या मनात मात्र एक जुनी गोष्ट घर करून होती. लिव्हरपूलच्या एका बागेत त्याने चांगले टोपीवाले साहेबलोक कागदाची विमानं उडवताना पाहिले होते. रबराला पीळ देऊन सोडलं की विमान आपलं आपण उडे, आणि साहेब टोपी हातात धरून मागे पळत. तसं विमान आपल्या हातून व्हावं असं त्याला फार वाटे. बोटीवरचा जुना सोबती, बुरोंडीचा भागोजी, मुंबईला निघाला, तेव्हा धाकूने त्याच्या हाती पैसे दिले. पंधरा दिवसांनी बोटीने खोका आला.

खोक्यावर ढगांतून झेपावणारं लाल विमान रंगवलेलं होतं. आत होत्या काड्या, कापसासारख्या हलक्या लाकडाच्या फळ्या, पातळ कागद, रबराची दोरी आणि सोळा पानांचं इंग्रजी पुस्तक.

"एवढंच?" सगुणा डोकावून म्हणाली. "यावर चहाचं आधणसुद्धा यायचं नाही."

"अगो, हे लाकूड हातात तरी घेऊन बघ. वजनच नाही."

"मग पैसे कसले घेतले त्यांनी?"

धाकूला इंग्रजी बोलता येई, पण बोटीवर लागेल तेवढंच. वाचायला म्हणून रावजी मास्तरांना बोलावलं. मास्तर शाळेत इंग्रजीची पहिली इयत्ता शिकवत, आणि एखादा शब्द आपल्याला ठाऊक नाही असं त्यांनी आजवर कबूल केलेलं नव्हतं. चष्मा लावून, बोट फिरवत त्यांनी अर्थ सांगायला सुरुवात केली.

"बरगड्या कापून घ्याव्या. सांधे सिमेंटने जोडावे."

"सिमेंटने?" धाकूने विचारलं.

"छापलंय स्पष्ट. सिमेंट."

धाकूच्या हाताला ते पटेना. पण छापील शब्दापुढे सुताराने काय बोलावं? धक्क्याच्या डागडुजीला सिमेंट आलं होतं, त्यातलं वाटीभर तो मागून घेऊन आला. आठ दिवस खपून त्याने एकेक सांधा लिंपला. सांगाडा दिसायला देखणा झाला. उचलला तर पाट्यावरच्या वरवंट्यासारखा.

"हे उडायचं नाही," सगुणा म्हणाली. "पण यावर मसाला बरा वाटला जाईल."

मास्तर दुसऱ्या खेपेला आले तेव्हा त्यांनी पुढचं पान काढलं. पंखांवर कागद चिकटवून त्याला 'डोप' द्यावं, असं तिथे होतं. मास्तरांनी घरून कोश आणला होता. त्यात त्यांनी शब्द काढला.

"अफू," ते म्हणाले.

"विमानाला?"

"अफूचं पाणी असेल. कागद शांत राहावा म्हणून."

सगुणा चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. "मास्तर, अफू सरकारी दुकानात मिळते. तिथे जाऊन कोणासाठी मागायची? विमानाचं पोट दुखतंय म्हणून?"

मास्तरांनी चहा बशीत ओतला आणि तो निवेपर्यंत मान वर केली नाही. मग हळूच म्हणाले, "मेस्त्री, हे शब्द कोशातले नसावेत. त्यांच्या धंद्यातले असावेत, एखादा डिंक, एखादं रोगण. मला येत नाहीत." मास्तरकीच्या एवढ्या वर्षांत त्यांनी असं पहिल्यांदाच म्हटलं असेल. धाकूला त्यांची दया आली आणि स्वतःचा रागही आला. हाताला कळत होतं, तरी आपण ऐकलं नाही.

त्या दिवसापासून पुस्तकातली फक्त चित्रं बघायची, असं ठरलं. धाकूने सिमेंट टोकरून काढलं. मोडल्या त्या बरगड्या उरलेल्या फळीतून नव्याने कापल्या. जोडायला काय घ्यावं या विचारात तो बसला, तर सगुणाने पिकलेल्या, चिकट भोकरांची वाटी त्याच्यासमोर आपटली. "पतंगाला लावतात ते. इंग्लंडात भोकरं नसतील, बिचारे सिमेंट लावतात."

कागद चिकटला, पण जागोजाग सुरकुत्या राहिल्या. सगुणाने तोंडात पाणी घेऊन त्यावर बारीक फवारा मारला, जसा ती इस्त्रीच्या कपड्यांवर मारी. धाकू ओरडलाच. पण तासाभरात कागद वाळला आणि ढोलकीच्या पुडीसारखा ताणून बसला. वरून तिने भाताच्या पेजेचा अगदी पातळ हात दिला.

रविवारी सकाळी मास्तरांसह तिघं सड्यावरच्या मोकळ्या माळावर गेली. धाकूने विमानाच्या नाकावरचा पंखा फिरवून रबराला पीळ दिला, विमान सोडलं. ते जरा डुललं, सावरलं आणि चाळीस पावलांवर गवतात अलगद उतरलं. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. धाकू विमान उचलून घेऊन आला.

"आता मी," सगुणा म्हणाली.

"अगो, त्याला हिसका द्यायचा नाही."

"माझ्या भोकराचं आहे. मला कळतं."

तिने पदर खोचला, पीळ दिला, चांगला सव्वापट दिला, आणि विमान वाऱ्यावर सोडलं. ते वर चढलं. सड्याच्या कडेवरून पुढे गेलं, खाडीवर एक वळण घेतलं, आणि पांढऱ्या ठिपक्याएवढं होऊन पलीकडच्या झाडीत दिसेनासं झालं.

"अहो, गेलं की!" सगुणा तोंडावर हात ठेवून म्हणाली.

आता हा ओरडणार, म्हणून मास्तर दोन पावलं मागे सरले. धाकू मात्र टोपी हातात धरून कड्याच्या टोकाशी उभा होता आणि हसत होता. "साहेबाचंसुद्धा इतकं गेलं नव्हतं," तो म्हणाला.

तिघं सडा उतरू लागली. बंदराचं वळण आल्यावर सगुणाने विचारलं, "पुढलं कधी करायला घ्यायचं?"