उन्हावरून मारलेली रेघ

माझे सासरे पार्किंगच्या रेघा मारतात आणि मी त्यांच्या हाताखाली काम करते, कारण नवऱ्याचं रंगाच्या वासानेच डोकं उठतं. झाडू मी मारायचा, रंग मी ढवळायचा, दोरीचं टोक मी धरायचं. रोलर मात्र त्यांच्या हातून सुटायचा नाही. "तुझा हात अजून बसला नाही," म्हणायचे. अहो, रोलर हातात मिळाला तर बसेल ना!

दवाखान्याचं पार्किंग दर दोन वर्षांनी आमच्याकडे येतं. नवी जागा असली की खडूची दोरी ताणून, झटका देऊन खूण उमटवावी लागते. जुन्या जागेवर सासरे दोरी बाहेरच काढत नाहीत. "जुनी रेघ फिकट का होईना, आहे ना? तिच्यावरूनच जायचं." हा त्यांचा शिरस्ता.

त्या सकाळी मी पलीकडच्या टोकाला पाला झाडत होते. वळून बघते तर सासरे एक रेघ पुरी करून कंबर सरळ करत होते, आणि ती रेघ दोन गाड्यांच्या जागा तिरक्या कापत थेट रुग्णवाहिकेच्या जागेत घुसली होती. मला आधी काही कळेचना. मग वर पाहिलं. दोन इमारतींच्या फटीतून ऊन येत होतं आणि त्याचा फिकट पट्टा रेघेच्या अगदी बाजूला पडला होता. मघाशी तो रेघेच्या जागीच असणार. सासऱ्यांनी उन्हालाच रंग दिला होता.

त्यांची नजर अधू झालीय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? दिसत नाही म्हटलं की काम सुटणार, आणि काम सुटलं की हा माणूस घरात बसून आमचं डोकं खाणार, अशी सासूबाईंना धास्ती.

तेवढ्यात दवाखान्याचे व्यवस्थापक आले. "हे काय? कोणी मारली ही?"

"सुनेनं," सासरे म्हणाले. "नवीन आहे. शिकतेय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी पाला झाडू लागले.

"शिकायचं ते घरी शिकवा. उरलेल्या सगळ्या तुम्ही स्वतः मारा. ही रोलरला हात लावणार असेल तर काम आत्ताच थांबवा."

ते गेल्यावर मी म्हटलं, "घ्या. आता मारा!" खरं तर मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

सासरे रंगाच्या डब्यावर बसले. रोलरची मूठ चोळत राहिले.

"बाबा, जुनी रेघ दिसतेय का तुम्हाला?"

"नाही," ते म्हणाले. "मागच्या खेपेलाही अंदाजानेच गेलो."

मग उठले आणि चाचपडत ऑफिसच्या दिशेने निघाले. पाणी प्यायला चालले असतील असं मला वाटलं. खिडकी उघडी होती म्हणून पुढचं ऐकू आलं.

"साहेब, ती रेघ माझी. मला दिसत नाही आता. सुनेवर ढकललं, चुकलो. काम तिच्याकडून करून घ्या, नाहीतर दोघांनाही काढा."

व्यवस्थापक बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "एक रेघ मारून दाखवा बाई. मग बघू."

आम्ही दोरी ताणली. पलीकडचं टोक सासऱ्यांनी धरलं. झटका दिला, खूण उमटली आणि मी रोलर लावला. व्यवस्थापक रेघेच्या कडेने चालत गेले, परत आले, "ठीक आहे, चालू द्या," म्हणाले आणि आत गेले.

सासरे अजून टोक धरून उकिडवेच बसले होते.

"सरळ आली का गं?"

भिंतीवरच्या खिळ्यापासून माझ्या भांगापर्यंत जगातलं सगळं वाकडं ठरवणारा हा माणूस. त्यांनी आजवर कोणाला असं विचारल्याचं मला आठवत नाही.

"आली, बाबा," म्हटलं, आणि मला रडूच आलं.