सँपल फ्लॅटमधलं दूध

सुदर्शन आणि नम्रता माझ्या सदाशिव पेठेतल्या घरात, वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत. मूळचे यवतमाळकडचे, दोघंही हिंजवडीत संगणक कंपन्यांत नोकरीला. २००९ साली त्यांनी तिकडेच बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट बुक केला. ताबा मिळेपर्यंत बँकेत फक्त व्याज भरायचं, मुद्दल नंतर, अशी सोय होती. त्या सोयीमुळेच भाडं भरत असताना त्यांना घर घेणं जमलं, हे मान्य करायला हवं. पण दीड वर्षात मिळणारा ताबा तीन वर्षं होत आली तरी मिळाला नव्हता. इमारत सातव्या मजल्यावर थांबली होती. व्याज दरमहा जात होतं, कर्ज जिथल्या तिथे.

हे सुदर्शनने आईला कळू दिलं नव्हतं. घर होतच आलंय, असं तो फोनवर सांगत राहिला, आणि एक दिवस सुशीलाबाई पितळी पातेलं घेऊन पुण्यात उतरल्या. नव्या घरात दूध उतू घालायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदर्शन खाली आला. तिला तुम्हीच सांगा, काका, तुमचं ती ऐकेल, म्हणाला. परक्या माणसाशी मला हवापाण्यापलीकडे बोलता येत नाही. पण नाही म्हणणंही येत नाही, म्हणून त्या तिघांबरोबर गाडीत जाऊन बसलो. वाटेत चांगली वाक्यं जुळवली. हिंजवडी येईपर्यंत सगळी विसरलो.

तिथल्या विक्री कार्यालयातल्या मुलीने सवयीने आम्हाला सँपल फ्लॅटमध्ये नेलं. हेच लेकाचं घर, असं सुशीलाबाईंनी धरलं. त्यांनी पडद्यांवरून हात फिरवला, स्वयंपाकघरात गेल्या, शेगडीला हळदकुंकू वाहिलं, पातेल्यात बाटलीतलं दूध ओतलं. बटण फिरवलं. पुन्हा फिरवलं. वाकून ओट्याखाली पाहिलं. गॅसची नळीच नव्हती. नळ सोडला, तोही कोरडा.

त्यांनी लेकाकडे पाहिलंच नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही वाचणारे माणूस. हे कोणाचं घर होय?"

"कोणाचंच नाही. दाखवण्यापुरतं आहे. यांचं अजून बांधायचंय."

मग मी अडखळत सगळं सांगितलं.

"तीन वर्षं व्याज भरून राहिला, अन् कर्ज तेवढंच?"

"तेवढंच."

"वरून भाडं. ते कोणाला जाते?"

"मला," मी म्हणालो. नम्रता खिडकीकडे वळली.

"घर उशिरा होते, समजते मला," त्या आता लेकाला म्हणाल्या. "मला काऊन नाही सांगितलं?"

"तू साऱ्या गावाला सांगून बसली होतीस, आई."

 सुशीलाबाई दूध परत बाटलीत ओतू लागल्या. ते पाहवेना, म्हणून मी, कुणी विचारलेलं नसताना, बोलून गेलो. दर अकरा महिन्यांनी नवा करार करताना मी भाडं थोडं वाढवतो; या वेळी वाढवणार नाही.

"फुकट नको," सुशीलाबाई म्हणाल्या. "वाढीचा पैसा यानं दर महिन्याला मुद्दलात भरावा. अन् भरला का, ते तुम्ही विचारा."

एवढ्या कर्जात तेवढ्याने काय होणार, असं माझ्या मनात आलं. सुदर्शनच्याही आलं असावं. तरी त्याने मान हलवली.

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी तेच दूध तापवलं. वर येताच गॅस बंद केला आणि सगळ्यांना चहा दिला. उतू जाईल ते बाराव्या मजल्यावर, म्हणाल्या. जाताना पातेलं घासून माझ्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवून गेल्या.

पहिल्या महिन्यात सुदर्शनला विचारायचा मला धीरच होईना. तोच मुद्दल भरल्याची बँकेची पावती घेऊन खाली आला.