खडूच्या रेघा

खंडेनवमीच्या सकाळी धैर्यशीलने देवघरापुढच्या पाटावर शेवटचा पाना मांडला, त्यावर हळदकुंकू वाहिलं, आणि हात जोडता जोडता तो थबकला. गाडीच्या चाकांचे नट आपण शेवटचे आवळले का?

डोळे मिटून त्याने आठवून पाहिलं. परवा दुपारी सोळाच्या सोळा नट हाताने फिरवून बसवले, हे आठवत होतं. गाडी जॅकवरून खाली घेतली, हेही आठवत होतं. त्यापुढे सगळं कोरं. बायकोने, संयोगिताने, आरतीचं तबक हातात दिलं तेव्हा कुठे तो भानावर आला.

एकसष्ट वर्षांचा माणूस, त्यातली अडतीस वर्षं उद्यमनगरात फिटर म्हणून काढलेली. असल्या माणसाला असला प्रश्न पडावा ही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. त्याने ती कुणाला सांगितलीही नाही.

गाडी आक्काची. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय बारीक राहिला, पण तोंड असं की धडधाकट माणसांना पुरून उरावं. बावीस वर्षांपूर्वी तिने ही विजेवर चालणारी चिमुकली गाडी घेतली, कारण त्या गाडीला ना क्लच होता ना गिअर. सगळा कारभार उजव्या पायाचा. गल्लीने गाडीला ‘आक्काचा डबा’ असं नाव ठेवलं. त्या डब्यातून आक्काने शाळा गाठली, बाजार गाठला. एकदा तर नृसिंहवाडीला गेली आणि परतीला चार्जिंग पुरेना म्हणून पुजाऱ्याच्या घरी वायर लावून सहा तास बसली. बसल्या बसल्या पुजाऱ्याच्या नातवंडांकडून तिने पाढेही म्हणून घेतले. पुढे बॅटऱ्या बसल्या, सुटे भाग मिळेनासे झाले, गाडी घरामागच्या परड्यात ताडपत्रीखाली गेली आणि आक्का रिक्षावाल्यांच्या मर्जीवर आली.

धैर्यशील निवृत्त झाला तशी त्याने ताडपत्री काढली. दोन वर्षं तो त्या गाडीशी झोंबत होता. आठही बॅटऱ्या नव्या घातल्या, मोटर उकलून साफ केली, उंदरांनी खाल्लेल्या वायरी नव्याने ओढल्या, ब्रेकचे पाइप बदलले. आता उद्या दसरा, साडेतीन मुहूर्तांतला एक. सकाळी आठला आक्का एकटी गाडी घेऊन बिद्रीला निघणार होती, शाळेतल्या जुन्या मैत्रिणीकडे, लीलाबाईंकडे जेवायला. चार दिवस आधीपासून तिने इस्त्रीची साडी बाजूला काढून ठेवली होती. आणि नट सैल असले, तर वाटेत कुठेतरी चाक गाडी सोडून एकटंच पुढे जाणार होतं.

धैर्यशीलला त्याच्या उस्तादाने एक रीत लावली होती. नट शेवटचा आवळला की त्यावर खडूने रेघ मारायची. डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही, रेघेवर ठेवायचा. रेघ आहे म्हणजे काम झालं. तो लगबगीने परड्यात गेला. गाडी लख्ख धुतलेली, बॉनेटवर झेंडूचा हार, चारी चाकांना हळदकुंकवाची बोटं. खडूचा मागमूस नव्हता.

“नटावर रेघा हुत्या काय गं?” त्याने संयोगिताला विचारलं.

“कुणाला म्हाईत. काथ्यानं घासून काढली की सगळी चाकं. पूजंला काय तशीच ठेवायची?”

तिचं काही चुकलं नव्हतं. खंडेनवमीला हत्यार, वाहन धुऊनच पुजायचं, ही रीत त्याच्या उस्तादाहूनही जुनी.

त्याने खाली बसून एकेक नट बोटांनी हलवून पाहिला. हलला नाही. पण हाताने जोर देऊन बसवलेला नट पुन्हा हाताला दाद देत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पाना लावल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि पाने पाटावर बसले होते. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटून आल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही, हा घरचा नेम. मुहूर्तावर वाहन काढलेलं चालतं, पाना उचललेला चालत नाही, असा आक्काचा कायदा होता आणि त्यावर अपील नव्हतं.

त्याला नटांची भीती होतीच. पण नटांच्या मागे दुसरी भीती उभी होती. त्यांच्या वडिलांना, तात्यांना, म्हातारपणी विसर पडत गेला होता. आधी जेवलो का ते विसरले, मग घराची वाट विसरले, शेवटी लेकराबाळांची नावं विसरले. चार वर्षं आक्काने त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, शिव्या खाल्ल्या. आणि गेल्या महिन्यात धैर्यशीलने ब्रेकचे तेच रबर एकाच आठवड्यात तीनदा आणले होते. दोन पुड्या त्याने माळ्यावर लपवल्या होत्या. नट सैल निघाले तर आपलंही तेच सुरू झालं, असं त्याने मनाशी धरलं होतं. घट्ट निघाले तर सुटलो.

चप्पल सरकवून तो कोपऱ्यावरच्या गुंडू पंक्चरवाल्याकडे गेला.

“गुंड्या, चाकाचा पाना दे जरा. धा मिन्टात आणून देतो.”

गुंडूने दुकानातल्या पाटाकडे बोट दाखवलं. तिथेही पाने, जॅक, हवेचा पाइप, सगळ्यांच्या गळ्यात झेंडू. “दादा, आज हत्याराला हात न्हाय लावत. तुमास्नी बी सांगाय लागतंय व्हय?”

धैर्यशील तसाच परत फिरला. परड्यात आक्का गाडीशेजारी खुर्ची टाकून बसली होती. आता खोटं बोलण्यावाचून इलाज नव्हता.

“आक्का, उद्या नगं जाऊस. दिवाळीला काढू गाडी. बॅटरीचं पाणी जरा...”

“पाणी काल मीच बघितलंय. खरं काय ते सांग.”

तो चाकाशी उकिडवा बसला. मग म्हणाला, “नट आवळल्यात का न्हाईत, एकदा बघाय पायजे.”

आक्काने चारी चाकांवरून नजर फिरवली. मग काठी टेकत उठली आणि घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पाना होता. कुंकू तिने पदराला पुसून टाकलं होतं. मागून संयोगिता “अवो आक्का, पूजंतला...” म्हणत दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

“घे,” आक्का म्हणाली. “मला चाकाचं भ्या न्हाय. तुझ्या मनाचं समाधान कर.”

त्याने पहिल्या नटाला पाना लावला आणि जोर दिला. नट जागचा हलला नाही. दुसरा, तिसरा, चौथा. तो गुडघ्यावर सरकत चारी चाकांना फिरला. सोळाही नट घट्ट होते, अगदी तो पान्याने आवळायचा तसे. त्याचा जीव भांड्यात पडला. तो हसलासुद्धा. मग हसू तोंडावरच राहिलं, कारण हे नट आपण आवळल्याचं त्याला अजूनही आठवत नव्हतं.

“आक्का,” तो म्हणाला, “म्या कवा आवळलं गं हे?”

“परवा दुपारी. मी हितंच बसले हुते. तू मला मोजाय लावलंस. सोळा झाल्यावर रेघा मारल्यास आन् संयोगिताकडनं च्या मागून घेतलास.” ती पुढे म्हणाली, “च्या पिऊन परत सोळाच्या सोळा आवळलंस. परत रेघा मारल्यास. आन् परत च्या मागितलास.”

संयोगिता दारातून आत गेली. दुसरा चहा तिनेच करून दिला होता.

“मग तवाच का न्हाई बोललीस?” धैर्यशीलने आक्काला विचारलं.

“तात्यास्नी बोलले हुते असंच, पयल्या पयल्यांदा. लई रडले हुते.”

धैर्यशील चाकाला टेकून जमिनीवरच बसला. पाना त्याच्या मांडीवर होता आणि तो कुठे ठेवायचा हे त्याला सुचत नव्हतं. आक्काने वाकून तो काढून घेतला.

“उद्या बिद्रीला तू बी चल,” ती म्हणाली. “आन् परवा डॉक्टरकडं जायचं. गाडी मी चालवीन, तू शेजारी बस.”

तो बरं म्हणाला, पण त्याला तिच्याकडे बघवलं नाही.